आयन भरपूर, पण मेटास्टेबल बीम मंद: अल्कली सेलचा बिघाड कसा शोधायचा

आयन करंट नेहमीइतका आहे, सेलचा (धातूची वाफ असलेल्या गरम डब्याचा) कंट्रोलर १०० अंश दाखवतोय, व्हॅक्यूमही ठीक दिसतोय; पण मेटास्टेबल (उत्तेजित, पण लगेच न विझणाऱ्या) अणूंचा सिग्नल गेल्या आठवड्याच्या निम्म्यावर आलाय. तापमान पाच अंशांनी वाढवलं की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. सिझियम, पोटॅशियमसारख्या अल्कली धातूच्या वाफेतून आयन नेऊन उत्तेजित अणूंचा बीम बनवणाऱ्या प्रयोगांना हे दुखणं हटकून जडतं, आणि तेव्हा सगळ्यांचा हात आधी सेलच्या बोल्टकडे जातो. सेल उघडणं हे अगदी शेवटचं काम. बहुतेक वेळा दोष बाहेरच, पाना न लावताही सापडतो.

इथे गृहीत धरलेली मांडणी अशी: काही शे ते पाच हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आयन बीम, त्याच्या वाटेत ५ सेंमी लांबीचा गरम सेल, दोन्ही टोकांना ४ मिमीची भोकं, सेलच्या तळाशी अल्कली धातू भरलेली कुपी, पुढे उरलेले आयन बाजूला काढणाऱ्या डिफ्लेक्टर पट्ट्या आणि शेवटी डिटेक्टर. आकडे मुख्यतः हायड्रोजन-सिझियम जोडीचे आहेत. हेलियम, आरगॉन किंवा रेणूंच्या बाबतीत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

अल्कलीच का, आणि तपासणीत त्याचा काय उपयोग

हायड्रोजनच्या २एस अवस्थेत इलेक्ट्रॉनची बंधनऊर्जा ३.४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. सिझियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडवायला ३.८९ लागतात. फरक जेमतेम अर्ध्याचा, आणि ऊर्जा जुळते तिथे इलेक्ट्रॉन सहज जातो. त्यामुळे प्रोटॉन सिझियमजवळून जाताना इलेक्ट्रॉन उचलतो तो दुसऱ्या कक्षेत, १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खोल असलेल्या तळाच्या अवस्थेत तो सहसा जात नाही. डॉनली आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली हे दाखवून दिलं, आणि अजूनही ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचा प्रोटॉन बीम आणि सिझियम हीच रूढ जोडी आहे.

हेलियमच्या ट्रिप्लेट (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर) २एस अवस्थेची बंधनऊर्जा ४.७७, सिंग्लेटची (स्पिन उलट) ३.९७. पोटॅशियमचं आयनीकरण ४.३४ ला, सोडियमचं ५.१४ ला, रुबिडियमचं ४.१८ ला. आरगॉनच्या मेटास्टेबलची बंधनऊर्जा ४.२१ च्या जवळ आहे, म्हणजे रुबिडियम जवळजवळ तंतोतंत. या आकड्यांचा तक्ता करून भिंतीवर लावून ठेवावा, कारण ‘सिग्नल कमी’ या तक्रारीच्या मुळाशी कधीकधी एवढंच असतं की मागच्या गटाने सेलमध्ये वेगळा धातू भरला होता. सेल रिकामा नसतो, खराब नसतो. धातूच दुसरा असतो.

लक्षणं

तक्रार ‘सिग्नल पडला’ एवढ्याच शब्दांत येते, पण तिच्या आत निदान चार वेगळी दुखणी असतात. एकात सिग्नल दिवसागणिक हळूहळू उतरतो आणि तापमान वाढवल्यावर तात्पुरता परततो. दुसऱ्यात तापमान वाढवलं की सिग्नल आणखी पडतो. तिसऱ्यात कुणीतरी बीमलाइनवर काहीतरी बसवल्यापासून सिग्नल एकदम गेलेला असतो. चौथ्यात सिग्नल मिनिटा-दोन मिनिटांच्या लयीत वरखाली होतो.

यांची गल्लत होऊ नये म्हणून एकाऐवजी दोन आकडे घ्या: एकूण न्यूट्रल (भार नसलेले अणू) किती आणि त्यातले मेटास्टेबल किती. न्यूट्रल मोजायला सगळे आयन डिफ्लेक्टरने बाजूला काढून धातूच्या पट्टीवरचं दुय्यम इलेक्ट्रॉन उत्सर्जन बघा. मेटास्टेबल हायड्रोजन मोजायला डिटेक्टरसमोर क्वेंच (मेटास्टेबल विझवणाऱ्या) पट्ट्यांवर व्होल्टेज चालू-बंद करा आणि १२१.६ नॅनोमीटरच्या लायमन-अल्फा प्रकाशातला फरक घ्या.

न्यूट्रल आणि मेटास्टेबल दोन्ही एकाच प्रमाणात पडले असतील तर वाफ कमी आहे किंवा बीम सेलमधून नीट जात नाही. न्यूट्रल तेवढेच आणि मेटास्टेबल पडले, तर ते बनताहेत पण वाटेत मरताहेत, किंवा आयन सोर्समधून वेगळाच आयन येतोय. न्यूट्रल वाढले आणि मेटास्टेबल पडले, तर वाफ जास्त झाली आहे. या तीनपैकी एक निष्कर्ष मिळाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिली तपासणी: डिफ्लेक्टरचं व्होल्टेज (फुकट, एक मिनिट)

हायड्रोजनची २एस अवस्था क्षेत्र नसताना सुमारे ०.१२ सेकंद टिकते. विद्युतक्षेत्रात ती शेजारच्या २पी अवस्थेत मिसळते आणि २पी १.६ नॅनोसेकंदात प्रकाश सोडून मोकळी होते. मंद क्षेत्रात आयुष्य साधारण ३६० मायक्रोसेकंद भागिले क्षेत्राचा वर्ग (क्षेत्र व्होल्ट प्रति सेंमीमध्ये) एवढं उरतं.

आता ५ सेंमी लांब, २ सेंमी अंतरावरच्या डिफ्लेक्टर पट्ट्या घ्या. ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अणू मायक्रोसेकंदात ३१ सेंमी जातो, म्हणजे पट्ट्यांमधून पार व्हायला ०.१६ मायक्रोसेकंद. पट्ट्यांवर ४० व्होल्ट असतील तर क्षेत्र २० व्होल्ट/सेंमी, आयुष्य ०.९ मायक्रोसेकंद, सुमारे १६ टक्के मेटास्टेबल जातात. त्याच पट्ट्यांवर कुणी ‘आयन नीट निघावेत’ म्हणून २०० व्होल्ट लावले, तर आयुष्य ३६ नॅनोसेकंदांवर येतं आणि ९९ टक्के मेटास्टेबल तिथेच संपतात. न्यूट्रलचा आकडा जागचा हलत नाही. गंमत म्हणजे ४० व्होल्टमध्येही ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आयन जवळपास ६ अंशांनी वळतो, म्हणजे २०० ची गरजच नसते.

म्हणून व्होल्टेज कमी करत जा आणि आयन डिटेक्टरवर परत दिसू लागायच्या जरा आधी थांबा. सिग्नल परतला तर निदान झालं.

हेलियमच्या मेटास्टेबलला असल्या किरकोळ क्षेत्राने काही होत नाही. हेलियमवर काम असेल तर ही तपासणी सोडून द्या.

याच रांगेतली दुसरी फुकट गोष्ट म्हणजे चुंबक. चालत्या अणूला चुंबकीय क्षेत्रही विद्युतक्षेत्रासारखंच भासतं. ३१ सेंमी प्रति मायक्रोसेकंद वेगाला ५० गॉस म्हणजे सुमारे १५ व्होल्ट/सेंमी, आणि अशा २० सेंमीच्या टप्प्यात एक तृतीयांश मेटास्टेबल गळतात. व्हॅक्यूम मोजणाऱ्या कोल्ड-कॅथोड गेजमध्ये कायम चुंबक असतो, आयन पंपातही असतो. ‘नवीन गेज लावल्यापासून सिग्नल गेला’ या तक्रारीचं उत्तर गॉसमीटर बीमच्या रेषेत धरला की लगेच मिळतं. गेज लांबच्या नळीवर हलवा किंवा मृदू लोखंडाचं कवच घाला.

दुसरी: डिटेक्टर खरं बोलतोय का

सेलच्या आधीच्या डिफ्लेक्टरने आयन पूर्ण वळवा. डिटेक्टरवर जे उरेल ते सोर्समधला अतिनील प्रकाश आणि सेलच्या आधीच बनलेले न्यूट्रल. ही पार्श्वभूमी रोज लिहून ठेवा. मग सेल गार ठेवून, आयन सेलमधून सोडून दुसरा आकडा घ्या: उरलेल्या वायूवर होणारी भार-अदलाबदल (आयनाने वायूकडून इलेक्ट्रॉन उचलणं) त्यातून कळते. गरम सेलच्या आकड्यातून हा वजा केल्याशिवाय कुठलाही आलेख काढू नये.

पट्टीचा डिटेक्टर वापरत असाल तर सिझियमची आणखी एक खोड लक्षात घ्या. सेलमधून गळणारा सिझियम पट्टीवर बसतो, तिचं कार्यफलन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) घटतं आणि इलेक्ट्रॉन जास्त सुटू लागतात. सिग्नल आपोआप वाढतो. नंतर ओलावा लागून तो थर ऑक्सिडाइज झाला की सिग्नल पडतो. दोन्ही वेळा बीम होता तसाच असतो. पट्टी सेलच्या थेट दृष्टिरेषेत असेल तर संशय पक्का. शिवाय काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ऊर्जेला तळाच्या अवस्थेतला अणूही गतिज ऊर्जेने इलेक्ट्रॉन काढतो, तेव्हा नुसत्या पट्टीवरून ‘मेटास्टेबल’ म्हणणं धाडसाचं ठरतं.

लायमन-अल्फासाठी मॅग्नेशियम फ्लोराइडची खिडकी असेल तर तिच्यावर पंपातल्या तेलाचा थर बसलाय का ते बघा. डोळ्यांना काच स्वच्छ दिसते, पण १२१.६ नॅनोमीटरला तो थर प्रकाश अडवतो. क्वेंच व्होल्टेज वाढवत नेल्यावर सिग्नल एका पातळीला जाऊन स्थिर व्हायला हवा. स्थिर होतो पण पातळी खाली आहे, असं असेल तर खिडकी किंवा ट्यूब तपासा.

तिसरी: आयन तोच आहे का

हायड्रोजनच्या सोर्समधून प्रोटॉन, एच-२ आणि एच-३ असे तीन आयन निघतात. सोर्समधला दाब वाढला की एच-२ आयन हायड्रोजन रेणूवर आदळून एच-३ होतो आणि प्रोटॉनचा वाटा घसरतो. फॅराडे कप (आयनांचा करंट मोजणारी वाटी) हे सगळं एकत्र मोजतो, त्यामुळे त्यावर काही दिसत नाही. आयन वस्तुमानानुसार वेगळे करणारा वीन फिल्टर किंवा चुंबक असेल तर वस्तुमानाचा स्कॅन घ्या आणि मागच्या महिन्याच्या स्कॅनवर ठेवून बघा. नसेल तर सोर्सचा वायूप्रवाह पाच-पाच टक्क्यांनी कमी करून मेटास्टेबलचा आकडा बघा. हेलियमच्या सोर्सला हवा लागत असेल तर २८ आणि १८ वस्तुमानाला शिखरं उगवतात. मग दोष सोर्सच्या गॅस लाइनमध्ये आहे, सेलला हात लावू नका.

रेणूंचा बीम मुद्दाम करत असाल, म्हणजे एच-२ आयन सिझियममधून नेऊन उत्तेजित हायड्रोजन रेणू, तर नियम जरा बदलतात. तिथे रेणूची मेटास्टेबल सी-अवस्था (तळाच्या कंपनपातळीला आयुष्य सुमारे १ मिलिसेकंद) आणि लगेच फुटणाऱ्या अवस्था एकत्र भरल्या जातात. सी-अवस्थेची उंची सुमारे ११.८ आणि दोन अणू वेगळे व्हायला ४.४८, म्हणजे ती फुटली तर ७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा तुकड्यांत वाटली जाते. ५ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या बीममध्ये तुकडे २ अंशांपर्यंत फाकतात. एक मीटर पुढे साडेतीन-चार सेंमी. लहान डिटेक्टरवर हे ‘सिग्नल पडला’ असंच दिसतं. आयन सोर्समधून कंपनांनी तापलेले येतात की थंड, यावरही हे प्रमाण बदलतं. म्हणून रेणूंच्या कामात सोर्सचा दाब आणि इलेक्ट्रॉन ऊर्जा दोन्ही वहीत हवेत.

चौथी: सेलमध्ये वाफ खरोखर किती

इथे जरा थांबून नीट बघा, कारण मूळ पुनःपुन्हा इथेच निघतं.

सिझियमचा बाष्पदाब ८० अंशांना सुमारे १.६ × १०^-४ टॉर (दाबाचं एकक), १०० ला ६ × १०^-४, १२० ला २ × १०^-३. दर ११ अंशांना दुप्पट. पोटॅशियमला १०० अंशांच्या सिझियमइतकी वाफ द्यायला १५० अंश लागतात, सोडियमला २२५ च्या आसपास. तापमान मोजणारं थर्मोकपल ५ अंश चुकलं तर सिझियमची घनता ३५-४० टक्क्यांनी चुकते.

तापमानावर विसंबू नका, आयन मोजा. सेलच्या पुढच्या फॅराडे कपात गार सेलचा करंट आणि गरम सेलचा करंट, दोन्ही घ्या. १०० अंशांना वाफेची घनता घनसेंमीला दीड × १०^१३ अणू, लांबी ५ सेंमी, भार-अदलाबदलीचा काटछेद (धडक किती संभवते ते सांगणारं क्षेत्रफळ) १०^-१४ चौसेंमीच्या घरात. म्हणजे गरम सेलनंतर ४५ टक्क्यांच्या आसपास आयन उरायला हवेत. ८५ टक्के उरत असतील तर कंट्रोलर काहीही म्हणो, वाफ नाही. १० टक्के उरत असतील तर वाफ फार आहे.

या मापनातला एक सापळा: कपाला दाबपट्टीवर (सप्रेसर) -६० ते -१०० व्होल्ट नसतील तर न्यूट्रल अणू कपातून इलेक्ट्रॉन उडवतात आणि मीटर ते धन करंट म्हणून दाखवतो. मग सेल गरम करूनही करंट घटत नाही असं वाटतं. दाबपट्टीचं व्होल्टेज हळूहळू वाढवून करंट स्थिर होईपर्यंत न्या, मगच आकडा लिहा.

वाफ जास्त झाल्यावर मेटास्टेबल का घटतात? पहिल्या धडकेत बनलेला अणू दुसऱ्या सिझियमवर आदळतो आणि एकतर विझतो किंवा आणखी एक इलेक्ट्रॉन उचलून ऋण आयन होतो. डिफ्लेक्टरची ध्रुवता उलटी करून दुसऱ्या बाजूच्या कपात ऋण करंट बघा. तापमानासोबत तो भराभर चढत असेल तर तुम्ही शिखर ओलांडलं आहे. हेलियमलाही हेच लागू: ट्रिप्लेट मेटास्टेबल दुसऱ्या धडकेत ऋण हेलियम होतो, प्रवेगकांसाठी ऋण हेलियम मुद्दाम याच मार्गाने बनवतात. जास्तीत जास्त प्रवाह हवा असेल तर ४० ते ६० टक्के आयन खर्च होतील इतकी वाफ ठेवा. शुद्ध अवस्था हवी असेल तर १० ते २० टक्केच. त्यापलीकडे तापमान चढवणं म्हणजे धातू फुकट घालवणं.

वाफ कमी निघाली तर आधी थर्मोकपल. हीटर बंद करून सेल रात्रभर गार होऊ द्या; सकाळी आकडा खोलीच्या तापमानाशी जुळायला हवा. तारा उलट्या जोडल्या असतील तर सेल तापताना आकडा खाली जातो. टोक ढिलं असेल तर ते कमी तापमान दाखवतं, कंट्रोलर बिचारा हीटर देतच राहतो आणि सगळा धातू एका रात्रीत बाहेर. म्हणून दुसऱ्या, स्वतंत्र सेन्सरवर १५० अंशांचा कट-आउट असलाच पाहिजे. तो नसेल तर आज दुसरं काहीही करायच्या आधी तो बसवा.

सिग्नल लयीत वरखाली होत असेल तर हीटरच्या चालू-बंदशी जुळवून बघा. हीटर चालू होताच, त्याच क्षणी सिग्नल हलला तर ती विद्युत गडबड: हीटरच्या तारा पीळ देऊन घ्या, ग्राउंड तपासा. मिनिटभर मागे राहून हलला तर ते तापमान आहे आणि कंट्रोलरची सेटिंग बदलायला हवी.

पाचवी: सर्वांत थंड कोपरा

सेलमधला दाब कुपीचं तापमान ठरवत नाही, सगळ्यात थंड जागेचं तापमान ठरवतं. कुपी १०० अंशांना आणि सेलचा वरचा फ्लँज ८५ ला असेल, तर धातू हळूहळू कुपीतून उठून फ्लँजवर जाऊन बसतो आणि दाब ८५ चाच मिळतो. ‘दर आठवड्याला तापमान वाढवावं लागतं’ याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. उपाय साधा: सेलचं अंग कुपीपेक्षा १५ ते २० अंश जास्त गरम ठेवा, त्यासाठी वेगळा हीटर आणि वेगळं थर्मोकपल. अंग आधी तापवा, कुपी नंतर. बंद करताना कुपी आधी गार करा, अंग नंतर. हा क्रम उलटला की भोकांवर धातू साचतो.

जाळीचा सेल असेल, म्हणजे ज्यात टोकांशी जमलेला धातू जाळीवरून परत आत वाहतो, तर तिथे टोकं मुद्दाम थंड ठेवतात, पण वितळणबिंदूच्या वर: सिझियमला २८.४ अंश, म्हणून टोकं ३५ ते ४० वर, पोटॅशियमला ६३.५, म्हणून ७० च्या वर. हिवाळ्यात टोकं वितळणबिंदूखाली गेली की धातू तिथेच गोठतो आणि भोक बुजतं. गोठलेलं भोक ओळखायचं कसं? गार सेललाही आयन करंट कमी येतो. अंग आणि टोकं तापवून, कुपी गार ठेवून दोन-तीन तास सोडा. बहुतेक वेळा भोक मोकळं होतं.

गरम झाल्यावरच करंट घटत असेल आणि तो न्यूट्रलमध्येही दिसत नसेल, तर सेल सरकलाय. २० सेंमीचा स्टेनलेसचा खांब ८० अंशांनी तापला की पाव मिलीमीटरहून जास्त वाढतो. बीम भोकाच्या काठाने जात असेल तर एवढं पुरतं. संरेखन गरम अवस्थेतच करा.

सहावी: व्हॅक्यूम

१०^-५ टॉरला घनसेंमीत सुमारे ३ × १०^११ रेणू असतात. मेटास्टेबल विझवण्याचा काटछेद १०^-१५ चौसेंमी धरला तर एका मीटरमध्ये ३ टक्के जातात. १०^-४ ला हेच प्रमाण पाव हिश्शाच्या पुढे जातं. म्हणजे १०^-६ च्या खाली असाल तर या वाटेवर वेळ घालवू नका. मात्र व्हॅक्यूमचा दुसरा परिणाम खुद्द धातूवर होतो: बारीक गळती किंवा आत चिकटलेलं पाणी सिझियमवर ऑक्साइड-हायड्रॉक्साइडची साय धरतं आणि त्याच तापमानाला वाफ कमी येते. हेलियम लीक डिटेक्टर लावताना एक लक्षात ठेवा: सोर्समध्ये हेलियमच चालू असेल तर तो दिवसभर ओरडत राहील. आधी सोर्स बंद.

सातवी: इन्सुलेटर

सेलमधून सुटलेला धातू चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसला की लेन्स आणि डिफ्लेक्टरचं व्होल्टेज गळायला लागतं. बीम बंद ठेवून प्रत्येक पुरवठ्याचा करंट बघा. मायक्रोअँपिअरमध्ये काही दिसलं, आणि व्होल्टेज वाढवल्यावर वाढलं, तर थर आहे. पुरवठा बंद, केबल सुटी, ग्राउंड-काठी लावून कपॅसिटर रिकामे, आणि मगच इन्सुलेशन टेस्टर. उपाय म्हणून सेलच्या तोंडाशी थंड तांब्याची ढाल बसवा आणि इन्सुलेटर थेट रेषेतून आडोशाला न्या.

आठवी: धातू संपला का

हे उघडून बघण्याआधी कागदावर काढता येतं. १०० अंशांना ४ मिमीच्या दोन पातळ भोकांमधून ताशी सुमारे १९ मिलिग्रॅम सिझियम बाहेर पडतो. १ ग्रॅमची कुपी म्हणजे जेमतेम ५० तास. १२० अंशांना त्याच्या तिप्पट खर्च, म्हणजे १६-१७ तास. तेव्हा सेल किती तास कुठल्या तापमानाला चालला याची नोंद असेल तर हिशोब मिनिटात होतो. भोकांऐवजी व्यासाच्या पाचपट लांब नळ्या लावल्या तर गळती पाचवा हिस्सा होते. बीम पुरेसा बारीक असेल तर नळ्यांवरचा हा खर्च सगळ्यात आधी करावा.

हिशोब ‘संपला’ म्हणत असेल आणि वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या असतील, तरच सेल उघडायचा. पूर्ण गार करा, कोरडा आरगॉन किंवा नायट्रोजन भरून दाब वातावरणाइतका आणा, दोन्ही बाजूंच्या व्हॉल्व्ह बंद करून सेल तसाच बंद अवस्थेत ग्लोव्ह बॉक्समध्ये न्या. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर फ्लँज काढण्याचा विचारही नको. त्या हवेतला ओलावा सिझियमला पेटायला पुरतो, आणि पेटला नाही तरी नवी कुपी पहिल्याच दिवशी साय धरते. नवी कुपी बसवल्यावर आधी कुपीची सीलबंद काच न फोडता सेलचं अंग १५० अंशांवर रात्रभर पंप करत भाजा, दाब १०^-६ च्या खाली आल्यावरच कुपी फोडा, आणि मग कुपी ६० अंशांवर तासभर ठेवून वायू निघून जाऊ द्या.

इथे थांबा, माणूस बोलवा

जुन्या पोटॅशियमवर पिवळी-नारिंगी साय दिसली तर ते सुपरऑक्साइड असू शकतं. ते खरवडू नका, कापू नका, तेलात तर मुळीच हलवू नका. घासल्यावर स्फोट होतो. झाकण जसंच्या तसं ठेवा आणि संस्थेच्या रासायनिक सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. उरलेला धातू अल्कोहोलमध्ये विझवण्याचं कामही त्यांचंच. सिझियमच्या बाबतीत तर ‘थोडासाच आहे’ हा युक्तिवाद चालत नाही.

सेल पाण्याने थंड होत असेल आणि दाब विनाकारण उसळला किंवा पाण्याची पातळी घटली, तर हीटर बंद, पाणी बंद, खोली रिकामी. पाणी आणि सिझियम एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहेत. जमेल तेव्हा पाण्याऐवजी हवा किंवा उष्णतावाहक तेल वापरा. आग लागली तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. फक्त धातूच्या आगीची ड वर्गाची पावडर, आणि ती सेलपासून हाताच्या अंतरावर आधीच ठेवलेली हवी.

काही हजार व्होल्टवर तरंगणाऱ्या सोर्सच्या चौकटीत ग्राउंड-काठी आणि दुसरा माणूस नसताना हात घालू नका. वेल्डमध्ये गळती सापडली तर लाख-रेझिन लावून वेळ मारून नेऊ नका. सेल स्वच्छ करून वेल्डरकडे जायला हवा, आणि आत काय होतं हे त्याला लेखी सांगायला हवं.

टर्बो पंपात सिझियम गेला असेल, म्हणजे सेलच्या जवळच्या पंपाचा आवाज बदलला, करंट चढला किंवा तो वेगाला पोचेना, तर पंप उघडायचा नाही. आरगॉन भरून दोन्ही तोंडं बंद करा, दूषिततेचं घोषणापत्र भरा, त्यावर धातूचं नाव आणि अंदाजे वजन लिहा, आणि बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्राने ‘पाठवा’ म्हटल्यावरच पाठवा. घोषणापत्राशिवाय गेलेला पंप बहुधा तसाच परत येतो.